संग्रहालयात व्हायोलिन-पियानोची मदत मैफल: दालन बघण्यापासून हिशेब देईपर्यंत

१६ डिसेंबर १८८६. ब्रुसेल्समधल्या आधुनिक चित्रकलेच्या संग्रहालयात संगीतकार सेझार फ्रँक यांचा व्हायोलिन-पियानो सोनाटा, म्हणजे या दोन वाद्यांसाठीची अनेक भागांची रचना, पहिल्यांदाच जाहीर मैफलीत वाजणार होता. व्हायोलिनवर यूजीन इझाय, पियानोवर लेओंतिन बोर्द-पेन. कार्यक्रम दुपारचा, त्यात हा सोनाटा सगळ्यात शेवटी. हिवाळ्यातला दिवस तो. पहिला भाग संपेपर्यंत दालनात काळोख दाटला. चित्रांच्या काळजीपोटी तिथे दिवे लावायची परवानगी नव्हती. श्रोते मात्र उठायला तयार नव्हते. शेवटी उरलेले तिन्ही भाग दोघांनी स्वरलिपी न बघता, जवळजवळ अंधारात वाजवले.

रसिकाला ही गोष्ट रम्य वाटेल. मी तिच्याकडे आयोजक म्हणून बघतो आणि मला आधी वेळापत्रक दिसतं: लांब कार्यक्रम, सर्वांत कठीण रचना शेवटी, आणि उजेडाच्या नियमाची चौकशी बहुधा कोणीच केलेली नाही. इझाय आणि बोर्द-पेन होते म्हणून निभावलं.

संग्रहालयातली मैफल ठरवताना बहुतेक जण कलाकारापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात दालनापासून करावी. पियानो कोणता, श्रोते किती, रचना कोणत्या, तिकिटं किती छापायची, यातलं जवळपास सगळं दालनच ठरवून टाकतं. एक व्हायोलिन, एक पियानो, ७० ते १५० खुर्च्या आणि एखाद्या कामासाठी जमवायचा निधी, एवढा पसारा धरून पुढचं लिहिलं आहे. हाताशी सहा महिने असावेत. चार महिन्यांत जमतं, पण धावपळ होते.

आधी मदतीचं वाक्य

निधी कशासाठी आणि कोणाच्या हाती जाणार, हे एका वाक्यात लिहून काढा. ‘समाजकार्यासाठी’ लिहिलंत तर कोणाचाही खिसा मोकळा होत नाही. ‘वाचनालयाच्या गळक्या छपरासाठी’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ते छप्पर दिसतं. रक्कम कोणत्या खात्यात जमा होईल, पावती कोण देईल, देणगीवर करसवलत आहे का, हे त्याच आठवड्यात लाभार्थी संस्थेकडून लेखी घ्या. मदत खुद्द संग्रहालयालाच जायची असेल तर काम सोपं होतं, कारण जागेचं भाडं बहुधा माफ होतं.

दालन बघायला जाताना

क्युरेटरना, म्हणजे संग्रहालयातल्या वस्तूंची जबाबदारी असलेल्यांना, भेटताना सोबत मोजपट्टी, थर्मामीटर-आर्द्रतामापक आणि शक्य असेल तर एखादा व्हायोलिनवादक न्या.

आधी कान. दालनाच्या मध्यभागी उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा आणि ती विरायला किती वेळ लागतो ते मोजा. छोटेखानी मैफलीला साधारण १.३ ते १.७ सेकंदांचा निनाद मानवतो. संगमरवरी फरशी, काचेची कपाटं आणि उंच छत असलेल्या दालनात तो तीन-चार सेकंदांवर सहज जातो. मग पियानोचे जलद स्वर एकमेकांत लगदा होतात आणि व्हायोलिनचं टोकदार काम पुसलं जातं. या विषयाचं शास्त्रच मुळी एका संग्रहालयात जन्मलं, हे मला फार गमतीचं वाटतं. हार्वर्डच्या फॉग कला संग्रहालयात व्याख्यानासाठी बांधलेल्या दालनात बोललेलं कळतच नसे. आवाज साडेपाच सेकंद घुमत राहायचा. १८९५ मध्ये वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. रात्री सगळं शांत झालं की तो सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून दालनात मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज विरण्याचा वेळ मोजायचा. गाद्या वाढल्या की निनाद घटतो, याचं गणित त्याने त्यातून मांडलं.

आपल्याला यातून उपयोगी पडणारी गोष्ट अशी: माणसंही आवाज शोषतात. रिकामं दालन जरा जास्त घुमत असेल तर घाबरू नका, खुर्च्या भरल्या की ते निवळतं. पण रिकाम्या दालनात चार सेकंद निनाद असेल तर पियानोखाली जाड गालिचा, मागच्या भिंतीजवळ जाड पडदे, नाहीतर सरळ दुसरं दालन बघा. कमी उंचीचं, लाकडी फरशीचं, कमी देखणं दालन पुष्कळदा मुख्य दालनापेक्षा चांगलं वाजतं. फोटो मात्र मुख्य दालनातलेच छान येतात आणि बैठकीत त्याच मुद्द्यावर वाद होतो. मी दर वेळी कानाच्या बाजूने मत देतो.

मग दहा मिनिटं गप्प बसा. वातानुकूलनाची घरघर, आर्द्रता कमी करणारं यंत्र, सुरक्षेच्या दाराची पिपाणी, लिफ्ट, रस्ता, सगळं ऐका. वस्तूंच्या जतनासाठी संग्रहालयाला हवामान सांभाळावं लागतं, त्यामुळे ‘दीड तास यंत्र बंद ठेवा’ ही विनंती अनेकदा मान्य होत नाही. पंख्याचा वेग कमी करता येईल का, हे मात्र विचारता येतं. एका मैफलीत असं यंत्र ठरावीक वेळाने आपोआप सुरू व्हायचं आणि दोन्ही वेळा संथ भागातच झालं. पाहणीच्या दिवशी मी पाच मिनिटांतच बाहेर पडलो होतो, म्हणून ते कळलं नव्हतं.

क्युरेटरना विचारायचे प्रश्न

उजेडापासून सुरुवात करा. जलरंगातली चित्रं, कापड, जुने कागद यांच्यासाठी साधारण ५० लक्सची (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) मर्यादा पाळतात. तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालतं. स्वरलिपी आरामात वाचायला कागदावर ३०० ते ५०० लक्स लागतात. हा मेळ खोलीतले दिवे वाढवून बसवू नका. पियानोवर आणि स्टँडवर लावायचे छोटे एलईडी दिवे आणा आणि त्यांचा झोत भिंतीवर पडत नाही ना, ते बघा.

दुसरा प्रश्न गर्दीच्या उष्णतेचा. बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता देतो. १०० श्रोते म्हणजे बंद दालनात १० किलोवॉटची शेगडी, शिवाय श्वासातली वाफ वेगळी. ‘आमच्या दालनात ६०च माणसं’ असं क्युरेटर म्हणाले तर त्यामागे हे कारण असतं. तिथे घासाघीस करू नये.

बाकीचे प्रश्न भराभर: फरशी किती भार पेलते, माल आणायचं दार केवढं, लिफ्टची क्षमता किती, आणीबाणीचे दरवाजे कोणते मोकळे ठेवायचे, छायाचित्रणाचे नियम काय, सुरक्षारक्षकांच्या जादा वेळेचे पैसे कोण देणार, विमा कोणाचा. फुलं, मेणबत्त्या, खाणं-पिणं प्रदर्शनाच्या दालनात जवळपास कुठेच चालत नाही, कारण फुलांतून कीड येते आणि पाणी सांडतं. कलाकारांना द्यायचा पुष्पगुच्छ बाहेरच्या खोलीत द्या. हे सगळं बोलून झालं की पत्राने पक्कं करा.

किती खुर्च्या

रस्ते आणि मोकळी जागा धरून माणशी एक चौरस मीटर मोजावं. दालन १२ बाय १० मीटर असेल तर १२० चौरस मीटर, त्यातून पियानो आणि वादकांसाठी २५ वजा करा, ९५ उरले. खांबाआडच्या जागा गाळल्या की ८५ खुर्च्या प्रामाणिकपणे मावतात. हॅन्डेलच्या ‘मसाया’ या गायनवृंद आणि वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनेचा पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये झाला. तोही मदतीसाठीच होता. कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांना सोडवण्याचा निधी त्यातून उभा राहायचा होता. जास्त माणसं मावावीत म्हणून स्त्रियांनी झग्याखालचे घेरदार सांगाडे न घालता आणि पुरुषांनी तलवारी न लटकावता यावं, अशी विनंती केली गेली. मावली सुमारे ७००. आज अग्निशमनाचे नियम आहेत, तलवारी काढून भागत नाही.

सपाट फरशीवर तिसऱ्या रांगेपासून मागे व्हायोलिनवादकाचं डोकंच तेवढं दिसतं. ३० सेंटिमीटर उंचीचं व्यासपीठ पुरतं, पण ते पियानोचं वजन पेलेल अशी लेखी खात्री बांधणाऱ्याकडून घ्या. ते जमत नसेल तर खुर्च्या सरळ रांगांऐवजी अर्धवर्तुळात आणि एकाआड एक सरकवून मांडा.

पियानो

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

मोठ्या सभागृहातला ग्रँड पियानो सुमारे २.७५ मीटर लांब आणि ५०० किलोच्या आसपास असतो. ८५ श्रोत्यांच्या घुमणाऱ्या दालनात तो नकोच. १.८ ते २.१ मीटरचा ग्रँड, वजन ३०० ते ३५० किलो, भरपूर झाला. हे वजन तीन पायांवर, म्हणजे तीन छोट्या चाकांवर येतं. जुन्या लाकडी किंवा दगडी फरशीवर प्रत्येक चाकाखाली भार पसरवणारी पाटी हवीच. हलवायला पियानो वाहणारे सराईत लोकच बोलवा. ते पाय काढून, पियानो एका बाजूवर आडवा करून नेतात. दार अरुंद आहे म्हणून घाबरू नका, माप द्या.

संग्रहालयात स्वतःचा जुना पियानो असेल तर हुरळून जाऊ नका. तो प्रदर्शनातली वस्तू असेल तर हात लावायचा नाही. वाजवण्याचा असेल तर ट्यूनरला, म्हणजे पियानो सुरात लावणाऱ्याला, दोन महिने आधी दाखवा, कारण बरीच वर्षं न लावलेला पियानो एका बैठकीत सुरात येत नाही. पियानोत २०० हून जास्त तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण १५ ते २० टनांच्या घरात जातो. एकदम ओढल्या तर काही तुटतात, उरलेल्या पुन्हा उतरतात.

भाड्याचा पियानो कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच आत यावा. दालनातली हवा अंगवळणी पडायला त्याला वेळ लागतो. ओल वाढली की लाकूड फुगतं आणि सूर चढतो, हवा कोरडी झाली की उतरतो. संग्रहालयाची ४० ते ५० टक्के आर्द्रता पियानोलाही मानवते, एवढी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. ट्यूनर दोनदा हवा: कार्यक्रमाच्या सकाळी पूर्ण ट्यूनिंगसाठी आणि श्रोते येण्याआधी किंवा मध्यंतरात हात फिरवायला. पूर्ण ट्यूनिंगला दीड-दोन तासांची शांतता लागते, म्हणून ते संग्रहालय उघडायच्या आत उरका. वाद्यं ज्यावर जुळवायची तो मूळ स्वर ४४० हर्ट्झ की ४४२, हे व्हायोलिनवादकाला विचारून ट्यूनरला कळवा.

ट्यूनिंग झालं की एक गमतीची पण फार उपयोगी चाचणी करा. एकाने पेडल दाबून खालच्या सुरापासून वरपर्यंत एकेक पट्टी सावकाश वाजवायची, दुसऱ्याने दालनभर फिरून ऐकायचं. कुठल्या तरी सुराला काचेचं कपाट, दिव्याची कडी किंवा नावाची पाटी थरथरतेच. ती जागा क्युरेटरना दाखवा आणि बंदोबस्त त्यांनाच करू द्या. स्वतः हात लावू नका.

मांडणी अशी: पियानिस्टची उजवी बाजू श्रोत्यांकडे, म्हणजे झाकण श्रोत्यांच्या दिशेने उघडतं. व्हायोलिनवादक पियानोच्या वळणाजवळ, जरा पुढे. पियानिस्टला त्याचा गज दिसला पाहिजे आणि व्हायोलिनच्या पोटावरची छिद्रं श्रोत्यांकडे वळलेली असली पाहिजेत. झाकण पूर्ण उघडायचं की अर्धं, हे तालमीत मागच्या रांगेत कोणाला तरी बसवून ठरवा. अर्धं झाकण म्हणजे हळू आवाज, ही समजूत अर्धीच खरी आहे. आवाजाची धारही बोथट होते.

कलाकार आणि रचना

आपल्या कानांना ‘साथ’ हा शब्द सवयीचा असल्यामुळे जाहिरातीवर ‘व्हायोलिन: अमुक, साथीला पियानो: तमुक’ असं छापलं जातं. सोनाटाला हे लागू होत नाही. बेथोव्हेनने या जोडीसाठी लिहिलेल्या दहा सोनाटांमध्ये पियानोचं काम व्हायोलिनइतकंच, काही ठिकाणी जास्तच, आहे. दोन्ही नावं एकाच आकारात छापा आणि मानधनही सारखं द्या.

मानधन मात्र द्याच. ‘चांगल्या कामासाठी आहे’ म्हणून फुकट वाजवायला सांगणं मला पटत नाही. त्यात कलाकाराची एकट्याची देणगी बाकी सगळ्यांपेक्षा मोठी होऊन बसते. पैसे द्या. त्यातले परत द्यायचे की नाही, हा त्यांचा प्रश्न.

कार्यक्रम मध्यंतर न धरता ६० ते ७० मिनिटांचा ठेवा. लाकडी खुर्च्या, नवखे श्रोते, शिवाय रक्षकांची वेळ. यापेक्षा लांबवू नये. एक नमुना बघा. सुरुवातीला मोझार्टचा ई मायनर सोनाटा, के. ३०४ (१७७८; ‘के.’ आणि पुढे येणारा ‘ओपस’ हे रचनेचे सूचीतले क्रमांक): दोनच भाग, सुमारे १३ मिनिटं, दालन आणि कान दोन्ही सुराला लागतात. मग क्लारा शूमन यांचे तीन रोमान्स (छोट्या भावपूर्ण रचना), ओपस २२ (१८५३), सुमारे १० मिनिटं. त्यानंतर निधीबद्दल तीन मिनिटांचं बोलणं. शेवटी फ्रँक, सुमारे २८ मिनिटं, आणि टाळ्यांनंतर जादा म्हणून मासनेचं छोटं ‘मेडिटेशन’. फ्रँकऐवजी ब्राम्सचा जी मेजर सोनाटा, ओपस ७८ घेतलात तर घुमणाऱ्या दालनात तो जास्त खुलतो, कारण त्यात लांब ओढलेले स्वर पुष्कळ आहेत. बेथोव्हेनचा ‘क्रॉइट्झर’ सोनाटा घुमणाऱ्या दालनात शक्यतो टाळा. जवळपास ४० मिनिटं चालतो आणि त्याचा वेग निनादात बुडतो.

हक्कांचं एक कलम आहे. बहुतेक देशांत रचनाकाराच्या मृत्यूनंतर ५० ते ७० वर्षांनी रचना मोकळी होते. वर दिलेले सगळे त्यात बसतात. पण रूपांतर करणाऱ्याचा हक्क वेगळा असतो. बार्टोकचे रुमानियन लोकनृत्यांचे तुकडे मूळ पियानोसाठी आहेत. बार्टोक १९४५ मध्ये गेला, पण व्हायोलिनसाठीचं प्रचलित रूपांतर करणारे झोल्टान सेकेली २००१ पर्यंत होते. अशा रचनेसाठी परवाना आधी विचारा. ध्वनिमुद्रण किंवा थेट प्रक्षेपण करायचं असेल तर कलाकारांची लेखी संमती हवी.

पियानिस्टसाठी पान उलटणारा माणूस लागेल का, हेही विचारा. टॅब्लेट वापरणारे आता पुष्कळ आहेत. माणूस लागणार असेल तर त्याला स्वरलिपी वाचता आली पाहिजे, आणि त्याने तालमीला यायचं आहे. आयोजकाचा भाचा हाताशी आहे, हे पुरेसं कारण नव्हे.

पैशाचं गणित

तिकिटांवर निधी उभा राहतो, हा मोठा भ्रम आहे. १५० खुर्च्यांचं दालन धरू. पाहुणे, स्वयंसेवक, खांबाआडच्या जागा काढून १३० विकायच्या. त्यातली तीन चतुर्थांश गेली तर ९८ तिकिटं. पियानो, वाहतूक, ट्यूनर, मानधन, रक्षक, विमा आणि छपाई मिळून खर्च ८० तिकिटांइतका झाला, तर मदतीला उरली १८ तिकिटं. एवढ्यासाठी सहा महिने कोणी राबू नये.

म्हणून तिकीटविक्री सुरू होण्याआधीच खर्च दुसरीकडून उभा करा. पियानोचा एक प्रायोजक, मानधनाचा दुसरा, छपाईचा तिसरा, असे तुकडे पाडून मागितलं तर लोक लवकर हो म्हणतात. खर्च भागला की ‘तुमच्या तिकिटाची पूर्ण रक्कम मदतीला जाईल’ हे वाक्य खरेपणाने छापता येतं, आणि त्या वाक्याने तिकिटं खपतात. खर्च भागला नसेल तर ते छापू नका.

खरी रक्कम बहुधा तिकिटाबाहेरच्या देणगीतून येते. म्हणून आवाहन शेवटच्या रचनेच्या आधी करा. टाळ्या संपल्यावर लोक चपला शोधत असतात. लाभार्थी संस्थेतल्या एकाच माणसाने, तीन मिनिटं, कागद न वाचता बोलावं. पाकीट खुर्चीवर आधीच ठेवलेलं असावं आणि त्यावर मोबाइलवरून पैसे पाठवायचा कोड छापलेला असावा.

अगदी उलटी पद्धतही चालते. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं सुरक्षित जागी हलवली होती. रिकाम्या दालनांत पियानोवादक मायरा हेस यांनी १० ऑक्टोबर १९३९ पासून दुपारच्या मैफली सुरू केल्या. प्रवेश एक शिलिंग, शिल्लक रक्कम संगीतकारांच्या मदतनिधीला. बॉम्बवर्षावाच्या काळात मैफली तळघरात उतरल्या, पण थांबल्या नाहीत. १९४६ पर्यंत १,६९८ झाल्या. स्वस्त तिकीट आणि पुन्हा पुन्हा होणारा कार्यक्रम, हे गणित संग्रहालयाचा स्वतःचा पियानो असेल तर तुम्हालाही जमेल. भाड्याने आणून जमणार नाही.

कार्यक्रमाचा दिवस

सकाळी ट्यूनिंग, मग वर सांगितलेली थरथर-चाचणी. दुपारी खुर्च्या; पायांना नमदा लावलेला असावा, नाहीतर दगडी फरशीवर प्रत्येक हालचाल किंचाळते. कलाकारांना दालनात किमान ९० मिनिटं एकट्याने मिळाली पाहिजेत. त्यांच्या खोलीत दालनाएवढंच तापमान ठेवा; थंड खोलीतून उबदार दालनात आलेल्या व्हायोलिनच्या तारा पहिल्याच रचनेत उतरतात.

दारावर दोन माणसं, एक यादीसाठी, एक पैशासाठी. उशिरा येणाऱ्यांना रचनेच्या भागांमध्ये नव्हे, दोन रचनांच्या मध्ये आत सोडा, आणि हे तिकिटावर छापा. भागांच्या मध्ये टाळ्या पडल्या तर पडू द्या. नवा श्रोता टाळी वाजवतो तेव्हा त्याला आवडलेलं असतं. त्याच्याकडे वळून बघणाऱ्या जाणकाराला मी पुढच्या वेळी मागच्या रांगेत बसवतो.

दुसऱ्या दिवसापासून

जमा, खर्च, दिलेली रक्कम आणि दिल्याची तारीख, असा एका पानाचा हिशेब दोन आठवड्यांत तिकीट घेणाऱ्या प्रत्येकाला पाठवा. पावत्या त्याआधी. कलाकारांना मानधन मात्र त्याच रात्री, निघण्यापूर्वी.

आणि दालन परत द्यायचं आहे. पियानो यायच्या आधी फरशी, दारांच्या चौकटी आणि जवळची कपाटं यांचे फोटो काढून ठेवलेले असतील. पियानो बाहेर पडला, चाकांखालच्या पाट्या उचलल्या, की क्युरेटरना सोबत घेऊन त्याच जागांचे पुन्हा फोटो काढा, दोन्ही शेजारी ठेवून बघा आणि दालन जसंच्या तसं मिळाल्याची त्यांची सही घ्या.